हजारांत किती? : कर्करोग तपासणीचा निकाल चित्राने सांगताना

आजारी माणूस दवाखान्यात येतो तो काही तक्रार घेऊन. डॉक्टर जे सांगतात ते त्याला त्या तक्रारीशी ताडून पाहता येते. कर्करोगाच्या स्क्रीनिंगला येणाऱ्या बाईला हा आधार नसतो. ती धडधाकट असते. आशाताईंनी दोनचारदा घरी येऊन आग्रह केला म्हणून किंवा गावात शिबिर लागले म्हणून आलेली असते. तासाभराने ती घरी परतते तेव्हा तिच्या शरीरात काहीच बदललेले नसते, पण केसपेपरवर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द चढलेला असतो आणि त्या एका शब्दाने घरादाराचा जीव टांगणीला लागतो. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी ३० ते ६५ वर्षे वयोगटाची तपासणी करण्याची मार्गदर्शक सूत्रे केंद्र सरकारने २०१६ साली आणली. तपासणी कोणी करावी, कशी करावी, किती वर्षांनी करावी हे तेव्हापासून शिकवले जाते. निकाल कसा सांगावा, हे मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडलेले असते. पुढील पाने त्या राहून गेलेल्या कामासाठी आहेत. निकालाच्या शब्दाशेजारी कोणते चित्र ठेवावे, ते कसे काढावे आणि त्याच्याकडून किती अपेक्षा करावी, हा त्यांचा विषय. या प्रस्तावनेत मांडायचा मुद्दा एकच आहे : अशा चित्राने धीर देण्याच्या मागे लागू नये, प्रमाण दाखवावे. धीर यायचा तो प्रमाण कळल्यावर येतो, आणि तोही पुढची वाट मोकळी असेल तर.

उदाहरण गर्भाशयमुखाच्या तपासणीचे घेऊ. प्रशिक्षित परिचारिका गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के तीव्रतेचे अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, कापसाच्या बोळ्याने लावते, एक मिनिट थांबते आणि दिव्याच्या उजेडात निरखून पाहते. गुलाबी पृष्ठभागावर ठळक कडांचा पांढरा डाग उमटला तर तपासणी पॉझिटिव्ह. पूर्वकर्करोगी पेशींवर असा डाग उमटतो. पण सूज असेल, जखम भरत आलेली असेल, पेशी अजून कोवळ्या असतील, तरीही तो उमटू शकतो. नुसत्या डोळ्यांनी हे सगळे वेगळे काढणे मुरलेल्या माणसालाही जड जाते, म्हणून पुढे कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून पाहणी, आणि गरज पडली तर बायोप्सी. परिचारिकेला हे ठाऊक असते. टेबलावरून उतरून साडी सावरणाऱ्या बाईच्या कानावर पडते ते एवढेच : ‘पांढरा डाग दिसलाय, मोठ्या दवाखान्यात दाखवावं लागेल.’ या वाक्यात खोटे काही नाही. पण असा डाग किती जणींना दिसतो आणि त्यांतल्या किती जणींना खरोखर काही निघते, या दोन गोष्टी त्यात नाहीत. त्या रिकाम्या जागेत मग नात्यातले एखादे मरण, शेजारणीने सांगितलेली एखादी हकिगत येऊन बसते. ज्या रोगाविषयी फक्त मेलेल्यांच्या गोष्टी ऐकलेल्या असतात, त्याचे नाव निघाले की मन तिथेच जाऊन पोहोचते.

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायला परदेशी जावे लागत नाही. आजच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडले. काहींत या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पेशी तपासणारी पॅप चाचणी, काहींत व्हिनेगरची तपासणी, तर काहींत नेहमीचीच आरोग्यसेवा. त्याचे आकडे हजाराच्या मापात मांडून पाहावेत. व्हिनेगरच्या तपासणीत हजारांतल्या १४० जणी पॉझिटिव्ह आल्या. पुढच्या तपासण्यांत तीव्र पूर्वकर्करोगी बदल सापडला तो ७ जणींना. एचपीव्ही चाचणीत १०३ पॉझिटिव्ह, बदल ९ जणींना. पॅपमध्ये ७० पॉझिटिव्ह, बदल १० जणींना. प्रत्यक्ष कर्करोग निघालेल्या यांहूनही कमी. म्हणजे व्हिनेगरच्या तपासणीत पॉझिटिव्ह आलेल्या वीस जणींमागे एकीला, एचपीव्हीत साधारण अकरा जणींमागे एकीला आणि पॅपमध्ये सात जणींमागे एकीला उपचार करण्याजोगे काही होते. केसपेपरवरचा शब्द तिघींच्या वाट्याला सारखाच येतो, त्याचे वजन मात्र तीन तऱ्हेचे आहे. हे आकडे त्या भागातले आणि त्या काळातले आहेत. दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या हातांखाली ते बदलतील. पण ते एका पानावर काढता येतात. पंचवीस ठिपक्यांची एक ओळ, अशा चाळीस ओळी. ८६० ठिपके फिके, कोपऱ्यात एकत्र असलेले १४० गडद, आणि त्या गडद पट्ट्याच्या टोकाला पूर्ण भरलेले ७. अक्षर न वाचता येणाऱ्या बाईलाही बोट ठेवून सांगता येते : ‘आज तुम्ही या पट्ट्यात आहात. या टोकाला आहात का, ते पुढच्या तपासणीत कळेल.’

हेच टक्केवारीत सांगता येणार नाही का? सांगता येते, पण कळत नाही, आणि न कळणाऱ्यांत डॉक्टरही असतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी १६० स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे मॅमोग्राफीचे एक गणित ठेवले : शंभर स्त्रियांत एकीला रोग, असलेला रोग पकडण्याची क्षमता ९० टक्के, रोग नसताना पॉझिटिव्ह येण्याचे प्रमाण ९ टक्के; तर पॉझिटिव्ह आलेल्या बाईला कर्करोग असण्याची शक्यता किती? दिलेल्या चार पर्यायांतले बरोबर उत्तर, म्हणजे दहांत एक, निवडणारे केवळ २१ टक्के निघाले. निम्म्याहून अधिक तज्ज्ञांनी ८१ किंवा ९० टक्के हे उत्तर दिले. त्यांना हाच हिशेब ‘हजार स्त्रिया, त्यांतल्या इतक्या’ अशा रूपात मांडायला शिकवल्यावर बरोबर उत्तर देणारे ८७ टक्क्यांवर गेले. त्यांची वैद्यकीय माहिती तेवढीच होती, मांडणी तेवढी बदलली. ठिपक्यांचे चित्र हे त्या मांडणीचे पुढचे पाऊल आहे, आणि आकडेमोडीत कच्च्या असलेल्यांनाही त्याने धोक्याचा अंदाज अधिक बरोबर येतो, असे प्रयोगांतून दिसले आहे. मात्र ते काढण्याचेही नियम आहेत. केवळ बाधितांची चित्रे काढली आणि बाकीचे वगळले, तर धोका आहे त्याहून मोठा भासतो. गडद ठिपके पानभर विखुरले तर ते डोळ्यांना मोजता येत नाहीत. साध्या चौकटींपेक्षा माणसाची आकृती लक्षात चांगली राहते. पुढील पानांतली चित्रे या नियमांना धरून आहेत. लाल रंग त्यांत मुद्दाम टाळला आहे, कारण लाल दिसला की माणूस मोजायचे सोडून घाबरायला लागतो.

प्रमाण न कळण्याची किंमत मोजावी लागते, आणि पुढची तपासणी ‘नॉर्मल’ आली म्हणून ती वसूल होत नाही. डेन्मार्कमध्ये मॅमोग्राफीत संशय आला पण अखेरीस कर्करोग नाही असे ठरलेल्या स्त्रियांचा मागोवा घेतला गेला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, निर्वाळा मिळून तीन वर्षे लोटली तरी त्यांच्या मनावरचा ताण पहिल्यापासून नॉर्मल निकाल मिळालेल्यांपेक्षा जास्तच आढळला. एचपीव्हीच्या बाबतीत भीतीत लाजही मिसळते. हा विषाणू शरीरसंबंधांतून पसरतो, एवढेच कानावर आले की घरातला पहिला प्रश्न ‘कुठून आला?’ असा असतो. त्याचे उत्तर एका आडव्या रेषेने देता येते. संसर्ग अतिशय सर्रास आढळणारा. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. जिच्या शरीरात तो टिकून राहतो तिलाही, प्रतिकारशक्ती चांगली असेल तर, कर्करोगापर्यंत पोहोचायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. तो कधी शिरला हे चाचणी सांगू शकत नाही, त्यामुळे कोणावर बोट ठेवायला तिचा उपयोग नाही. ही रेषा समोर असली की ‘आत्ताच्या आत्ता काहीतरी करा’ हा घोर ओसरतो. तो ओसरणे गरजेचे आहे, कारण प्रमाण नसलेल्या भीतीचा धंदाही होतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ साली गाजले आणि राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. साध्या तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना कॅन्सरची भीती घातल्याच्या हकिगती तेव्हा वृत्तपत्रांतून आल्या होत्या. मुकादमाची उचल, खाड्याचा दंड ही कारणे त्यामागे होतीच. पण ‘पिशवी काढा नाहीतर कॅन्सर होईल’ हे वाक्य खपले, कारण ‘किती जणींना होतो आणि किती वर्षांनी’ हे विचारायचे असते याची कल्पनाच कुणी दिलेली नव्हती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. वीस जणींत एकीलाच काही निघते हे दाखवले, तर बाकीच्या एकोणीस जणी आणि ती विसावीही पुढच्या तपासणीला येणार नाहीत. तेव्हा थोडी भीती असलेली बरी. आक्षेप घेणारे बहुतेक जण प्रत्यक्ष काम करणारे असतात, त्यामुळे तो झटकून टाकण्यासारखा नाही. पण भीती माणसाला एकाच दिशेला ढकलते, हे त्यात गृहीत धरले आहे. घाबरलेल्या बायकांतली कोणी धावत येते, कोणी निकाल घरात सांगतच नाही, तर कोणी ‘नको ते निघायचं’ म्हणून दवाखान्याचा रस्ताच सोडते. शिवाय आक्षेप खरा ठरतो तो अर्धवट चित्राच्या बाबतीत. सात भरलेले ठिपके दाखवून थांबलो, तर ते सात फार थोडे वाटतील. त्या सातांचे पुढे काय होते हेही दाखवायला हवे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड इथे सर्वांत तीव्र पूर्वकर्करोगी बदल असूनही ज्या स्त्रियांवर पुरेसे उपचार झाले नव्हते, त्यांच्यातल्या सुमारे ३१ टक्के जणींना ३० वर्षांत कर्करोग झाला. या आकड्याला दोन्ही बाजू आहेत : तीव्र बदल म्हणजेही कर्करोग नव्हे आणि घाई-गडबडीचे कारण नाही, पण उपचार टाळले तर तिघींतल्या जवळजवळ एकीवर ती पाळी येते. पहिली बाजू सांगून दुसरी गाळणे ही खोटी समजूत झाली, आणि दुसरीच सांगणे हा धाक झाला.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो सहसा रुग्णाकडूनच येतो : हजारांचे मला काय करायचे, माझे काय ते सांगा. समूहाच्या आकड्यातून एका माणसाचे भविष्य निघत नाही, हे खरेच. पण पांढरा डाग दिसला त्या क्षणी ‘तुमचे काय’ हे परिचारिकेलाही माहीत नसते, डॉक्टरांनाही नसते. ठिपक्यांचे चित्र हे अज्ञान लपवत नाही, त्याची हद्द आखून देते. त्या आखणीशिवाय जे उरते ते दोन टोकांचे असते : ‘काही नाही हो, काळजी करू नका’ नाहीतर गंभीर चेहरा. रुग्ण दोन्हींचा अर्थ आपापल्या परीने लावतो आणि बहुधा चुकीचा लावतो. म्हणून सांगण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी शरीराचे चित्र, म्हणजे डाग कुठे दिसला ते. मग हजारांचे चित्र, म्हणजे असे किती जणींना दिसते ते. आणि शेवटी वाटेचे चित्र, म्हणजे पुढे काय, कुठे, कधी. ‘माझे काय’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर तिसऱ्या चित्रात आहे.

तिसरी हरकत पुराव्याची आहे, आणि ती पुस्तिकेच्या बाजूने बोलणाऱ्यानेच आधी मांडलेली बरी. कोल्पोस्कोपीला येणाऱ्या स्त्रियांची चिंता कमी करण्याच्या उपायांचा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. माहितीपत्रके दिल्याने स्त्रियांचे ज्ञान वाढले, पण चिंता घटली असे दिसले नाही. संगीत ऐकवल्याने मात्र घटली. तेव्हा चित्र दाखवले की मन शांत होते, असा दावा कुणी करू नये. पण या निष्कर्षातून चित्रे निरुपयोगी ठरत नाहीत. चिंता दोन प्रकारची असते. एक न कळण्याची, दुसरी कळल्यानंतरची. तपासणीच्या टेबलावरचे अवघडलेपण, दुखेल का याची धास्ती, निकालाची वाट पाहण्याचे दिवस ही दुसरी. तिच्यावर हळुवार हात, सोबतीला माणूस आणि वेळेवर तारीख हेच उपाय. पहिली मात्र समजुतीच्या अभावातून येते आणि तिथे चित्राला काम आहे. शिवाय चिंता एका अंशाने उतरली नाही तरी, आपल्याला काय झाले आहे आणि काय झालेले नाही हे कळण्याचा त्या बाईचा हक्क शिल्लक राहतोच.

चित्र सर्वांना सारखेच कळते हाही भ्रम आहे. आलेख वाचायची सवय ज्यांना नाही, त्यांतल्या काहींना चित्रापेक्षा साधा आकडा बरा समजतो, असेही अभ्यास आहेत. शरीरापासून सुटा काढलेला अवयव ओळखता येत नाही. भिंगातून मोठी करून दाखवलेली पेशी अंगातली गाठ वाटू शकते. बाणाची दिशा ज्याने नकाशा पाहिलेला नाही त्याला काहीच सांगत नाही. चित्रांना शब्दांची जोड असली की कमी शिकलेल्यांना सर्वांत जास्त फायदा होतो, हे आरोग्यशिक्षणातल्या संशोधनातून पुढे आले आहे. त्यातला ‘शब्दांची जोड’ हा भाग विसरून चालणार नाही. म्हणून इथले एकही चित्र भिंतीवर चिकटवून मोकळे व्हायचे नाही. ते हातात धरून, बोट ठेवून, ‘आता तुम्ही मला सांगा, यात तुम्ही कुठे’ असे विचारून वापरायचे आहे. समोरच्या बाईने चुकीच्या ठिपक्यावर बोट ठेवले तर चूक चित्राची किंवा सांगणाऱ्याची समजावी. ओपीडीच्या गर्दीत एवढा वेळ कुठला, असे म्हटले जाईल. त्यासाठी हजारांच्या चित्राची ओळख तपासणीच्या आधीच, बाया रांगेत बसल्या असताना करून द्यावी. हजारांतल्या १४० जणींना डाग दिसतो हे ज्यांनी आधी पाहिले, त्यांना आपला डाग कळतो तेव्हा तो आभाळ कोसळल्यासारखा वाटत नाही.

तपासणीचा फायदाही याच मापाने दाखवावा, नाहीतर आपण एका बाजूला प्रमाण सांगतो आणि दुसऱ्या बाजूला जाहिरात करतो. धाराशिवच्या अभ्यासात एका एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. आठ वर्षांत चाचणीच्या गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या, तर नेहमीची सेवा मिळालेल्या ३१,४८८ जणींपैकी ६४. म्हणजे हजारी दोनांच्या जागी एक. ‘निम्मे’ हा शब्दही खरा आणि हजारी एक हेही खरे. चित्रात दोन्ही एकदम दिसतात, भाषणात पहिलाच ऐकू येतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या केवळ १.९ टक्के स्त्रियांनी कधीतरी गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतल्याचे दिसले, तेव्हा आधी बायकांना आणा, प्रमाणाचे नंतर पाहू, असे कुणालाही वाटेल. पण भारतात दरवर्षी या कर्करोगाचे सव्वा लाखांच्या आसपास नवे रुग्ण आणि ८० हजारांच्या घरात मृत्यू होतात, असा २०२२ चा जागतिक अंदाज आहे. हजारी एक हे प्रमाण एवढ्या मोठ्या देशात लहान राहत नाही, त्यामुळे ते फुगवून सांगायची गरजच नाही. आणि पहिल्या फेरीत घाबरून परतलेली एक बाई गल्लीतल्या दहा जणींना दुसऱ्या फेरीपासून थांबवते.

राहता राहिले ते वाटेचे चित्र. पुढील पानांतल्या प्रत्येक कार्डाच्या तळाशी चार रिकाम्या चौकटी आहेत : दुसऱ्या तपासणीची तारीख, ठिकाण, तिथे भेटायच्या व्यक्तीचे नाव आणि सोबत येणाऱ्या आशाताईंचा फोन. सगळ्या पुस्तिकेत चित्रकाराला भरता न येणारा भाग तेवढाच आहे. ठिपके कितीही नेमके काढले तरी कोल्पोस्कोपीसाठी तीन महिने थांबावे लागणार असेल, तर त्या तीन महिन्यांतली घालमेल कुठल्याही चित्राने कमी होणार नाही. निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी असल्याशिवाय स्क्रीनिंग करू नये, हे तत्त्व विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ सालीच मांडून ठेवले आहे. त्याचा रोजच्या कामापुरता अर्थ असा की निकाल सांगून झाल्यावर, बाई उठण्याच्या आत, त्या चारही चौकटी भरलेल्या असल्या पाहिजेत. ज्या केंद्राला त्या भरता येत नाहीत, त्याने आधी पुढच्या दवाखान्याशी तारखा ठरवून घ्याव्यात आणि मगच तपासणीचा फलक लावावा.